जुन्या डेस्कटॉपमध्ये चार हार्ड डिस्क : विश्रामबागच्या एका दुरुस्ती-दुकानाचे काम

सांगलीत नवा संगणक विकणारी दुकाने गल्लोगल्ली आहेत. पण दहा-बारा वर्षांचा संगणक उघडून, त्यात काय बसेल आणि त्याला काय पेलवणार नाही हे आधी पाहून, मगच दर सांगणारे दुकान सहसा सापडत नाही. विश्रामबागेत, सांगली-मिरज रस्त्यापासून जरा आत, दोघे भाऊ असे एक लहान दुरुस्ती-दुकान चालवतात. त्यांनी माझ्या स्टुडिओतील जुन्या डेस्कटॉपमध्ये चार हार्ड डिस्क बसवून दिल्या. हातातल्या कामाहून जास्त गर्दी त्यांना नको असल्यामुळे त्यांच्या इच्छेप्रमाणे दुकानाचे नाव येथे देत नाही. मात्र काम कसे झाले, त्यात काय उत्तम होते आणि काय खटकले, हे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण जुन्या यंत्रात जास्तीच्या डिस्क बसवू पाहणाऱ्या प्रत्येकाला याच प्रश्नांना तोंड द्यावे लागते.

नवा संगणक का घेतला नाही, हे आधी सांगायला हवे. आमच्या स्टुडिओत मिनीडीव्ही कॅसेटवर चित्रित केलेली लग्ने, मुंजी, शाळांची स्नेहसंमेलने आणि भावे नाट्यमंदिरातील हौशी मंडळींचे प्रयोग असा मोठा साठा आहे. या कॅसेटवरील चित्रण मूळ दर्जा न घालवता संगणकात घ्यायचे असेल, तर कॅमकॉर्डरपासून फायरवायरची केबल जोडावी लागते, आणि आजच्या संगणकांवर फायरवायरचे पोर्ट जवळजवळ मिळतच नाही. आमच्या डेस्कटॉपमध्ये २०१२ सालचा, एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड आहे आणि त्यावर जुन्या पद्धतीचा पीसीआय स्लॉट आहे. त्यातच फायरवायरचे कार्ड बसलेले आहे. विंडोज ७ वर हे कार्ड आणि चित्रण उतरवून घेण्याचे सॉफ्टवेअर कोणतीही तक्रार न करता चालते. विंडोज ७ चा आधार जानेवारी २०२० मध्ये संपला असल्यामुळे हे यंत्र इंटरनेटला अजिबात जोडलेले नाही. ते फक्त कॅसेट उतरवण्यासाठी आहे आणि त्या कामात त्याला सध्या पर्याय नाही.

प्रश्न जागेचा होता. डीव्ही पद्धतीचे एक तासाचे चित्रण साधारण १३ जीबी जागा घेते. म्हणजे तीनशे तासांना जवळपास ४ टीबी लागतात, आणि प्रत्येक गोष्टीची दुसरी प्रत ठेवायची म्हटली की तेवढेच पुन्हा. शिवाय कॅसेट उतरवताना चित्रण कॅसेटच्याच वेगाने येते, एका तासाच्या कॅसेटला एक तासच लागतो, आणि तो प्रवाह डिस्कसाठी थांबत नाही. लिहिणारी डिस्क क्षणभर अडखळली तर मधल्या चौकटी गळतात आणि ती कॅसेट पुन्हा पहिल्यापासून लावावी लागते. वीस वर्षांच्या जुन्या फितीला असे परत परत फिरवणे तिच्या जिवावर बेतू शकते. त्यामुळे डिस्क नुसती मोठी असून भागत नाही. तिने कामाच्या मध्ये दगा देता कामा नये.

नेमका हाच दगा आम्हाला होत होता. पूर्वी दुसऱ्या एका ठिकाणाहून जोडून घेतलेल्या डिस्कपैकी एक अधूनमधून ‘माय कॉम्प्युटर’मधून नाहीशी होत असे आणि यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले की परत दिसत असे. तेथे विचारल्यावर ‘डिस्क खराब झाली, नवी घ्या’ एवढेच उत्तर मिळाले होते. विश्रामबागच्या दुकानात मी गेलो तो नव्या डिस्क घ्यायच्या तयारीनेच. मोठ्या भावाने मात्र डिस्कचा विषय बाजूला ठेवला. “काका, डिस्क नंतर बघू. आधी सगळी मशीन आणा, एसएमपीएससकट, आणि आत्ता ज्या केबल लावल्या आहेत त्या काढू नका,” असे त्यांनी सांगितले. एसएमपीएस म्हणजे संगणकाच्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा. जोडणी जशीच्या तशी पाहण्याचा हा आग्रह किती योग्य होता, हे कॅबिनेटचे झाकण उघडताच कळले.

एसएमपीएसपासून निघालेल्या साटा पॉवरच्या, म्हणजे डिस्कला वीज देणाऱ्या, एकाच टोकाला तिहेरी फाटा लावून त्यावर तीन हार्ड डिस्क चालवलेल्या होत्या. साटा पॉवर कनेक्टरमध्ये १५ पिना असतात. त्यांपैकी १२ व्होल्टसाठी तीन आहेत आणि प्रत्येक पिन दीड अँपिअरची, म्हणजे एका कनेक्टरमधून १२ व्होल्टचे फार तर साडेचार अँपिअर घ्यावेत अशी अपेक्षा असते. साडेतीन इंची डिस्क एकदा फिरू लागली की थोड्याच विजेवर चालते, पण सुरू होताना तिच्या मोटरला १२ व्होल्टवर दोन अँपिअरच्या आसपास लागतात. तीन डिस्क एकदम सुरू झाल्या की सहा अँपिअर त्या एका कनेक्टरमधून ओढले जात होते. धाकट्या भावाने तो फाटा सोडवून माझ्या हातात दिला. पांढऱ्या प्लास्टिकच्या कडेला, पिवळी तार आत शिरते त्या जागी, चहाच्या डागासारखी तपकिरी कड आलेली होती आणि नखाने दाबल्यावर तेवढाच भाग ठिसूळ लागत होता. दगा डिस्क देत नव्हती. तिच्यापर्यंत वीजच नीट पोहोचत नव्हती.

मोलेक्स या जुन्या, चार पिनांच्या वीज-टोकापासून साटामध्ये रूपांतर करणाऱ्या जोडण्यांच्या बाबतीतही या दुकानाचा एक ठाम नियम आहे आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. बाजारात या जोडण्या दोन प्रकारच्या मिळतात. एका प्रकारात तारा प्लास्टिकमध्ये ओतून कायमच्या बंद केलेल्या असतात. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक तारेची पिन वेगळी दाबून बसवलेली असते आणि मागचे टोपण काढून आत पाहता येते. ओतीव प्रकार स्वस्त असतो, परंतु आतील तारा एकमेकींच्या किती जवळ आल्या आहेत हे बाहेरून कळत नाही. प्लास्टिक तापून मऊ झाले की शॉर्ट होऊन कनेक्टर पेटल्याची उदाहरणे जगभर झाली आहेत. हे दुकान ओतीव प्रकार ठेवतच नाही. दाबून बसवलेल्या पिनांची योग्य केबल त्यांच्याकडे शिल्लक नव्हती, म्हणून ती बाहेरून येईपर्यंत काम थांबवले गेले. त्या वेळी मला हा उशीर खटकला. कारण ऐकल्यावर तक्रार उरली नाही.

त्यानंतर एसएमपीएसचा हिशेब झाला आणि माझ्या मते या कामातला सर्वांत उपयुक्त भाग तोच होता. जुन्या एसएमपीएसवर मोठ्या अक्षरांत ४५० वॅट लिहिलेले होते. मोठ्या भावाने बाजूच्या लेबलवरील बारीक तक्त्याकडे बोट दाखवले : १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर होते. बारा गुणिले सोळा म्हणजे १९२ वॅट. डिस्कच्या मोटरला, प्रोसेसरला आणि पंख्यांना कामाला येणारी खरी ताकद एवढीच. चार डिस्क एकदम सुरू होताना आठ अँपिअर, म्हणजे ९६ वॅट, घेणार. ६५ वॅटचा प्रोसेसर त्याच ओळीवर आहे, मदरबोर्ड आणि पंखेही आहेत. कागदावर हे जेमतेम बसते, पण दहा वर्षे धूळ आणि सांगलीचा उन्हाळा सोसलेल्या कपॅसिटरकडून मूळच्या आकड्याची अपेक्षा धरता येत नाही. स्वस्त एसएमपीएसवर मोठा वॅटचा आकडा वाचून निश्चिंत होणाऱ्या सर्वांना माझी विनंती आहे, की खरेदीआधी १२ व्होल्टचा रकाना वाचावा. त्यांनी सुचवलेल्या नव्या एसएमपीएसचा आकडाही ४५० वॅटच आहे, परंतु त्यातील बहुतांश ताकद १२ व्होल्टच्या ओळीवर मिळते आणि साटा पॉवरच्या दोन वेगळ्या तारा त्यातून निघतात. आता प्रत्येक तारेवर दोनच डिस्क आहेत आणि एकही फाटा वापरलेला नाही; बाहेरून मागवलेली केबल केवळ डीव्हीडी रायटरसाठी लागली.

पोर्टांची अडचण त्या मानाने लवकर सुटली. एच६१ चिपसेट साटाची, म्हणजे डिस्क जोडण्याची, चारच पोर्ट देतो, आणि तीही ३ गिगाबिटची. विंडोज असलेली लहान एसएसडी (फिरत्या तबकड्या नसलेली वेगवान डिस्क), डीव्हीडी रायटर आणि चार हार्ड डिस्क मिळून सहा पोर्ट लागणार होती. रिकाम्या पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमध्ये दोन पोर्टचे साधे कार्ड बसवून ही गरज भागवली. ३ गिगाबिटच्या पोर्टमुळे वेग मारला जाईल का, असे मी विचारले होते. त्या पोर्टमधून सेकंदाला ३०० एमबीपर्यंत माहिती जाऊ शकते, आणि फिरत्या तबकड्यांची आमच्या आकाराची डिस्क दोनशेच्या पुढे क्वचितच जाते. त्यामुळे हार्ड डिस्कला जुन्या पोर्टचा काहीच जाच नाही. डीव्हीचा प्रवाह तर सेकंदाला ४ एमबीही नसतो. नुकसान झालेच तर एसएसडीचे होते, पण कॅसेट उतरवण्यात त्याने फरक पडत नाही. ही गोष्ट त्यांनी स्वतःहून सांगितली आणि महागडे कार्ड माझ्या गळ्यात मारले नाही, हे नमूद करायला हवे. चित्रण ज्यावर उतरते ती नवी ४ टीबी डिस्क आणि तिची प्रत ठेवणारी दुसरी, या दोन्ही मदरबोर्डच्या पोर्टवर आहेत. जुनी २ टीबी आणि १ टीबीची डिस्क कार्डावर आहेत. कार्ड बिघडलेच तरी चालू काम अडणार नाही, अशी ही वाटणी आहे.

डिस्क कॅबिनेटमध्ये बसवणे हे स्क्रू आवळण्याइतके किरकोळ काम समजले जाते. या दुकानात दोन वेगळ्या डब्या आहेत. साडेतीन इंची हार्ड डिस्कला जाड आट्यांचे स्क्रू लागतात. डीव्हीडी रायटर आणि अडीच इंची एसएसडीला बारीक आट्यांचे. दोन्ही दिसायला इतके सारखे असतात की घाईत चुकीचा स्क्रू जोर लावून फिरवला जातो, आणि मग डिस्कच्या ओतीव चौकटीतील आटे कायमचे जातात. आमच्या जुन्या १ टीबी डिस्कच्या एका भोकाचे तसे झालेलेच होते. धाकट्या भावाने प्रत्येक स्क्रू आधी हाताने दोन वेढे फिरवून पाहिला आणि तो सहज शिरला तेव्हाच स्क्रूड्रायव्हर लावला. स्क्रू प्रमाणापेक्षा लांब असला तर तो आतपर्यंत पोहोचून डिस्कला इजा करू शकतो, म्हणून लांबीही पाहिली जाते. प्रत्येक डिस्कला दोन्ही बाजूंनी मिळून चार स्क्रू बसले आहेत. पूर्वी सगळ्या डिस्कना एका बाजूनेच दोन स्क्रू होते आणि त्यांची थरथर टेबलाला हात लावला तरी जाणवत असे.

जागा देतानाही विचार झाला. आमच्या कॅबिनेटमध्ये साडेतीन इंचीचे चार कप्पे एकाखाली एक आहेत. चारही भरले असते तर दोन डिस्कमध्ये बोट जाईल एवढीही फट उरली नसती. म्हणून एक डिस्क पट्ट्या लावून वरच्या, डीव्हीडी रायटरखालच्या मोठ्या कप्प्यात नेली आणि खालच्या चारपैकी एक कप्पा मुद्दाम रिकामा ठेवला. पुढच्या जाळीमागे १२ सेंटिमीटरचा पंखा बसवून हवा डिस्कवरून मागे जाईल अशी केली. याआधी मधली डिस्क दुपारी ५२ अंशांपर्यंत तापत असे. एप्रिलच्या दुपारी, सलग कॅसेट उतरवत असताना, तीच डिस्क आता ४२ अंशांच्या वर गेलेली दिसत नाही. बहुतेक डिस्कना चालू असताना ६० अंशांपर्यंतची मुभा असते खरी. तरीही त्या मर्यादेजवळ रोज राहणे आणि दहा-पंधरा अंश खाली राहणे यांत फरक आहे. पंख्याचा आवाज मात्र पूर्वीपेक्षा वाढला आहे. त्याच खोलीत ध्वनीचे काम करणाऱ्याला तो त्रासदायक वाटेल, आणि याची कल्पना आधी द्यायला हवी होती.

बायोस, म्हणजे यंत्र सुरू होताना विंडोजच्याही आधी चालणारे मूळ सॉफ्टवेअर, त्यातील कामाबद्दल थोडक्यात सांगतो. आमचे विंडोज डिस्कशी बोलण्याच्या जुन्या आयडीई पद्धतीत बसवलेले होते. ते एएचसीआय या नंतरच्या पद्धतीवर आणायचे होते. पण नुसती बायोसमधील नोंद बदलली तर विंडोज निळा पडदा दाखवून थांबते. त्यासाठी आधी विंडोजच्या रजिस्ट्रीत त्या पद्धतीचा ड्रायव्हर सुरुवातीलाच चालू होईल असे करावे लागते आणि मगच बायोस बदलायचा असतो. याच क्रमाने काम झाले, त्याआधी एसएसडीची संपूर्ण प्रत काढून ठेवली गेली, आणि विंडोज नव्याने घालावे लागले नाही. फायरवायरचे सगळे बसवलेले घर मोडले नाही, याचे मला मोठे समाधान आहे. नव्या डिस्क जोडल्यावर यंत्र भलत्याच डिस्कवरून सुरू होऊ पाहते, म्हणून सुरू होण्याचा क्रमही तेथेच नक्की केला.

४ टीबीच्या डिस्कबाबत जुन्या यंत्रात हमखास होणारा घोटाळा मात्र सविस्तर सांगण्याजोगा आहे. एमबीआर ही विभागणीची जुनी पद्धत साधारण २ टीबीच्या पुढे मोजूच शकत नाही. अशी डिस्क एमबीआरने तयार केली की विंडोजमध्ये २,०४८ जीबी वापरता येतात आणि उरलेले १,६७८ जीबी काळ्या पट्टीखाली पडून राहतात. त्यांचे काहीच करता येत नाही. उपाय जीपीटी या विभागणीच्या नव्या पद्धतीचा आहे. जुन्या बायोसच्या संगणकावर जीपीटी डिस्कवरून विंडोज सुरू करता येत नाही, एवढ्यावरून ‘तुमच्या मशीनला २ टीबीवरची डिस्क चालत नाही’ असे मला आधी ठिकठिकाणी सांगण्यात आले होते. वस्तुस्थिती अशी आहे, की विंडोज दुसऱ्या लहान डिस्कवर असेल तर विंडोज ७ मध्ये जीपीटी डिस्क केवळ माहिती साठवण्यासाठी बिनदिक्कत वापरता येते. आमच्याकडे विंडोज एसएसडीवर एमबीआर पद्धतीतच आहे आणि दोन्ही मोठ्या डिस्क जीपीटीत. ४ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ३.६३ टीबी दिसते, त्याचीही शंका मी विचारली होती. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १,०२४ च्या पटीत, एवढाच तो फरक आहे, जागा कोठे गेलेली नाही.

कोणत्याही डिस्कला हात लावण्यापूर्वी तिची स्मार्ट नोंद छापून घेणे, ही या दुकानाची सवय मला सर्वांत आवडली. प्रत्येक हार्ड डिस्क स्वतःच्या प्रकृतीच्या काही नोंदी ठेवत असते. त्यांतील तीन त्यांनी मला वाचायला शिकवल्या. बदलून टाकलेल्या सेक्टरांची (डिस्कवरील जागेच्या लहान तुकड्यांची) संख्या आणि संशयित म्हणून थांबवून ठेवलेल्या सेक्टरांची संख्या या दोन नोंदी वाढू लागल्या तर डिस्क खरोखर थकत चालली आहे असे समजावे. तिसरी नोंद सीआरसी चुकांची, म्हणजे डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यात माहिती जाताना होणाऱ्या चुकांची. ती वाढत असेल तर दोष बहुधा डिस्कमध्ये नसून साटा केबल किंवा तिची पकड सैल असण्यात असतो. आमच्या ‘खराब’ ठरवलेल्या २ टीबी डिस्कच्या पहिल्या दोन्ही नोंदी शून्य होत्या आणि सीआरसीची नोंद शेकड्यांत होती. साटा केबल बदलली, पॉवरची तार बदलली. हा आकडा कधी कमी होत नाही, पण त्यानंतर तो एकानेही वाढलेला नाही. फेकायला निघालेली डिस्क अशी वाचली. १ टीबीच्या डिस्कची गोष्ट वेगळी निघाली : तिच्यात बदललेले सेक्टर होते. तिच्यावर एकमेव प्रत असेल असे काहीही ठेवू नका, असे त्यांनी स्पष्ट सांगितले आणि तिच्या पुढच्या बाजूला लाल चिकटपट्टी लावून दिली.

नव्या डिस्कचीही पूर्ण पृष्ठभाग-चाचणी झाली. ४ टीबीची डिस्क सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचायला सात-साडेसात तास लागतात, म्हणून हे काम रात्री लावून ठेवले जाते. त्यानंतर जुन्या डिस्कवरील चित्रण नव्यावर उतरवताना प्रत्येक फाइलचा चेकसम, म्हणजे तिच्यातील सगळ्या माहितीवरून काढलेला पडताळणीचा आकडा, दोन्हीकडे काढून जुळवला गेला. फाइल नुसती उघडते की नाही हे पाहून समाधान मानणारे पुष्कळ असतात. पण तासाभराच्या चित्रणातील चाळिसाव्या मिनिटाला बिघाड असेल तर तो तसा कळत नाही.

चारही डिस्कच्या दर्शनी कडेवर, झाकण उघडताच दिसेल अशा जागी, विंडोजमधील अक्षर, पोर्टचा क्रमांक आणि अनुक्रमांकातील शेवटचे चार अंक लिहिलेली लहान चिठ्ठी आहे. त्याच चार अंकांची चिठ्ठी त्या डिस्कच्या साटा केबलच्या दोन्ही टोकांवर आहे. एखादी डिस्क काढायची वेळ आली तर कोणती काढायची याचा अंदाज बांधावा लागणार नाही. एका कॅबिनेटमध्ये एकाच कंपनीच्या, एकाच आकाराच्या दोन डिस्क असतात तेव्हा या चिठ्ठीवाचून भलतीच डिस्क पुसली जाऊ शकते.

दोन नव्या डिस्कची रेड पद्धतीने, म्हणजे एकीवर लिहिलेले आपोआप दुसरीवरही लिहिले जाईल अशी, जोडी करून द्यावी, असा माझा विचार होता. एच६१ मध्ये ती सोय मुळातच नाही, हे पहिले उत्तर. सॉफ्टवेअरने करता येईल, पण करू नका, हे दुसरे. रेडच्या जोडीत एका डिस्कवर चुकून पुसलेली फाइल त्याच क्षणी दुसरीवरूनही पुसली जाते. डिस्क मेली तर रेड वाचवते. हात चुकला, विजेचा झटका आला किंवा चोरी झाली तर नाही. त्याऐवजी दिवसाचे काम संपले की एका डिस्कवरून दुसरीवर प्रत घेण्याची साधी आज्ञा त्यांनी तयार करून दिली, आणि तिसरी प्रत घराबाहेर ठेवण्याचा आग्रह धरला. सांगलीत या आग्रहाला वेगळे वजन आहे. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोक्याची ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांपर्यंत चढले होते आणि जुलै २०२१ मध्ये शहरात पुन्हा पूर शिरला. गावभागातील आमच्या स्टुडिओत चार डिस्क एकाच कॅबिनेटमध्ये असणे म्हणजे चार प्रती असणे नव्हे. तिसरी प्रत यूएसबी डिस्कवर घेऊन विट्याला बहिणीकडे ठेवली आहे आणि ती ठरावीक काळाने बदलून आणतो.

खटकलेल्या गोष्टीही आहेत. पहिल्या पावतीवर डिस्कचे अनुक्रमांक लिहिलेले नव्हते. वॉरंटीसाठी ते लागतात, त्यामुळे मागून लिहून घ्यावे लागले. पृष्ठभाग-चाचणीचे वेगळे पैसे पडतात हे काम झाल्यावर कळले. रक्कम मोठी नव्हती, तरी ती दरपत्रकात असायला हवी होती. डिस्कखाली रबरी वॉशर घातले असते तर उरलेली बारीक गुणगुण थांबली असती. ते त्यांच्याकडे नव्हते आणि नंतर बसवून देतो असे म्हटले आहे. घरी येऊन यंत्र नेण्याची सोय नाही. वजनदार कॅबिनेट, तेही डिस्कसकट, दुचाकीवरून हादरे बसत न्यावे असे मला वाटत नाही, म्हणून रिक्षा करावी लागते. वचन दिलेल्या दिवशी काम मिळाले नाही, यामागचे केबलचे कारण वर आलेच आहे. पण विलंब होणार असेल तर त्यांनी स्वतः फोन करावा, ग्राहकाला करायला लावू नये.

बसवणे, बायोस, माहितीची बदली आणि चिठ्ठ्या मिळून मजुरी दोन हजारांच्या आत झाली. एवढ्या कामाला ती कमी आहे, असे मी त्यांनाही सांगितले. डिस्क त्यांच्याकडूनच घेतल्या पाहिजेत अशी सक्ती नाही. बाहेरून आणलेली डिस्क ते बसवून देतात. मात्र ती यूएसबीच्या खोक्यातून काढलेली आहे का, हे आधी विचारतात. अशा काही नव्या डिस्क जुन्या एसएमपीएसवर फिरतच नाहीत, कारण पॉवर कनेक्टरच्या तिसऱ्या पिनेवर ३.३ व्होल्ट मिळाले की ‘बंद राहा’ असा त्याचा अर्थ त्या घेतात. ज्यांना केवळ गतीसाठी नवा संगणक हवा आहे त्यांनी येथे जाण्याचे कारण नाही. ज्यांचे एखादे जुने कार्ड, जुने सॉफ्टवेअर किंवा जुने यंत्र त्याच डेस्कटॉपवर अडकलेले आहे आणि जागा मात्र वाढवायची आहे, त्यांना मी हे दुकान निःशंकपणे सुचवीन.

मेलेल्या डिस्कमधून माहिती काढून देण्याचे काम ते करत नाहीत. तशी डिस्क कोणी आणली तर ती पुन्हा पुन्हा सुरू करून पाहू नका, एवढे सांगून ते ती न जोडताच परत देतात आणि पैसे घेत नाहीत.